घोड्याच्या पोटातलं शिसं

लेक न बोलावता आली आणि आल्या आल्या काट्यावर चढली, तेव्हाच थोरल्या सुनेच्या मनात पाल चुकचुकली.

रविवारची सकाळ होती. वर राहतं घर, खाली वजनकाटे दुरुस्त करण्याची कार्यशाळा. कोपऱ्यात तो मोठा काटा उभा होता, सासऱ्यांनी आपल्या लग्नाच्या वर्षी स्वतःच्या हातांनी जोडलेला. पायाखाली लोखंडी फलाट, छातीच्या उंचीवर पितळी दांडी, आणि दांडीवरून सरकणारं अंड्याएवढं पितळी वजन. त्या वजनाला घरात सगळे घोडा म्हणत. दर रविवारी घरातल्या प्रत्येकानं चढायचं, घोडा सरकवून दांडी आडवी करायची आणि भिंतीवरच्या आपल्या रकान्यात पेन्सिलीनं आकडा लिहायचा, हा सासऱ्यांचा नेम. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांचा रकाना एकाहत्तरपासून पासष्टपर्यंत उतरत जाऊन थांबला होता, आणि त्याखालची भिंत कोरी होती. नेम मात्र चालूच होता.

वन्सं एकदा चढल्या, उतरल्या, पुन्हा चढल्या. मग त्यांनी घोड्याच्या पोटाखाली अंगठा घातला आणि हळूच फिरवला, जसा आपण झोपलेल्या मुलाच्या कपाळावर ताप बघायला हात फिरवतो.

"चौसष्ट तीनशे," त्या म्हणाल्या. "लिहू?"

"लिहा की," थोरली सून म्हणाली. "चांगलं मानवलंय तुम्हाला. खिडकीवर बसून काम."

वन्सं एका दवाखान्यात होत्या, समोरच्या खिडकीवर. येणाऱ्याला कशासाठी आलात विचारायचं, वेळ द्यायची, फाइल काढायची. भाऊ त्यांना खिडकीबाई म्हणत. टोमणा त्यांनी गिळला. हेही नेहमीचं नव्हतं.

थोरलीला वजनाचा विषय निघालेला नको होता. चार महिने ती रात्रीचं अर्धपोट उठत होती, पहाटे चालायला जात होती. कपडे सैल झाले होते, हे ती शपथेवर सांगायला तयार होती. पण काटा म्हणत होता सहासष्ट पाचशे. सुरुवात केली तेव्हापेक्षा अर्धा किलो जास्त. नवऱ्यानं हसून विचारलं होतं, तू पहाटे नेमकी कुठे चालायला जातेस. तेव्हापासून ती त्याच्याशी कामापुरतं बोलत होती.

वन्संनी आकडा लिहिला आणि त्या धाकट्या भावाकडे वळल्या. म्हणाल्या, परवा दवाखान्यात नर्सच्या काट्यावर मी एकसष्ट होते. दोन दिवसांत माणूस तीन किलो तीनशे ग्रॅम वाढत नाही. वजनं लावून बघ.

या घरात दुसऱ्या कुणाचा काटा खरा आणि आपला खोटा असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. म्हणणारी घरचीच होती, आणि तिनं ते असं म्हटलं होतं जणू घरून पाठ करून आली होती.

*

धाकट्यानं कपाटातून प्रमाण वजनं काढली. पुसली. आधी रिकामा फलाट बघितला: घोडा शून्यावर, दांडी अगदी आडवी. थोरल्यानं सुस्कारा सोडला, "बघ, बरोबर आहे." मग वीस किलो चढले. दांडी एकवीस किलो शंभरवर थांबली. चाळीस चढवले, बेचाळीस दोनशे. ऐंशीला चौऱ्याऐंशी चारशे.

दोघा भावांनी एकमेकांकडे बघितलं. काय झालंय ते कळायला त्यांना बोलायची गरज नव्हती. शून्य बरोबर, आणि भार वाढेल तसा फरक वाढतो. म्हणजे काटा झिजलेला नाही, वाकलेला नाही. घोडा हलका झालाय. घोड्याच्या पोटात एक भोक असतं, त्यात शिसं भरून त्याचं वजन नेमकं केलेलं असतं, वर बाबांचा शिक्का. ते शिसं कुणीतरी काढलं होतं, आणि काढल्यावर टोकाचा स्क्रू फिरवून शून्य पुन्हा जागेवर आणलं होतं. हे आपोआप होत नाही. हे अंगात कसब असलेल्या माणसाचं काम होतं.

धाकट्यानं घोडा उलटा केला. शिक्का नव्हता. त्या जागी मेण बसवून वर काजळी फासली होती. सफाईचं काम होतं, त्याला ते आवडलंसुद्धा, आणि आवडलं याची लाज वाटली.

थोरला खुर्चीवर बसला. त्याला राग आला की तो आधी बसत असे. महिन्यापूर्वी दांडीला तेल द्यायला काटा कुणी उघडला होता, त्यानं विचारलं. आणि हा काटा काढा, विजेवरचा आणा, म्हणून वर्षभर कोण मागे लागलंय.

धाकटा म्हणाला, मला नवा हवा म्हणून मी बाबांचा काटा खोटा करीन, असं तुला वाटतं का. थोरल्यानं वाटतं असंही म्हटलं नाही, वाटत नाही असंही म्हटलं नाही. त्यानं आठवण करून दिली की पुढच्या आठवड्यात तपासनीस येणार आहे, आणि काटे दुरुस्त करणाऱ्याच्या घरात फोडलेल्या शिक्क्याचा काटा सापडला तर गावभर कोण तोंड दाखवणार. धाकट्यानं विचारलं, कार्यशाळेची किल्ली कुणाच्या कमरेला असते. दोन वर्षं दोघांनी ज्या गोष्टी ओठांआड ठेवल्या होत्या त्या एकेक बाहेर यायला लागल्या. बाबांची हत्यारं कुणी वाटून घेतली. बाबांच्या आजारपणात कोण कामाला जात राहिलं आणि कोण उशाशी बसलं.

"भाऊजींनी नाही केलं," थोरली सून म्हणाली.

नवऱ्यानं चमकून बघितलं. दिराची बाजू तिनं यापूर्वी कधी घेतली नव्हती.

"तुला काय माहीत?"

"माहीत नाही. पण काटा खोटा आहे ना? मग मला ते ऐकू दे जरा. चार महिने मी उपाशी उठतेय."

धाकट्याला हसू फुटलं. थोरल्यालाही फुटलं असतं, पण त्याची नजर बहिणीवर गेली. ती भिंतीला टेकून उभी होती आणि भांडणाकडे बघतच नव्हती. ती आईकडे बघत होती.

आई नेहमीच्या स्टुलावर बसली होती. मांडीवर हात, हातात पेन्सिल. सगळ्यांचे आकडे झाल्यावर ती शेवटी चढत असे.

*

थोरलीनं तेव्हा भिंत वाचली.

रोज दिसणारी भिंत माणूस वाचत नाही. आज तिनं स्वतःची ओळ शोधण्यासाठी चार महिने मागे बोट नेलं आणि मग बोट आडवं फिरवलं. तिच्या नवऱ्याचं ब्याऐंशी, त्र्याऐंशी पाचशे, पंचाऐंशी, साडेशहाऐंशी. भाऊजींचंही चढतं. सगळे चढत गेलेले. फक्त सासूबाईंच्या रकान्यात अठ्ठावन्न. अठ्ठावन्न. अठ्ठावन्न. माळेतल्या मण्यांसारखे एकाखाली एक.

काटा सगळ्यांना वाढवून सांगतोय. मग ज्या माणसाचा आकडा वाढत नाही, त्याचं काय होतंय?

तिनं बोट काढून घेतलं. आणि तिला सासूबाईंची अंगठी आठवली. मागच्या महिन्यात त्या अंगठीला आतून दोरा गुंडाळत होत्या. म्हणाल्या, साबणानं निसटते. थोरलीनं दोरा कापून दिला होता, दातानं. तिनं आत्ता त्या बोटाकडे पाहिलं. दोऱ्याचे वेढे आता तेव्हापेक्षा जाड होते.

ओरडून सांगावं असं हे नव्हतं. तिनं वन्संकडे बघितलं. वन्संनी पापण्या मिटल्या आणि उघडल्या. तेवढंच. म्हणजे यांना माहीत आहे. म्हणजे या काट्यासाठी आलेल्याच नाहीत. सकाळपासून जिचा तिला संशय येत होता तिच्या बाजूला ती न बोलता जाऊन उभी राहिली.

"आई," ती म्हणाली, "आता तुम्ही चढा."

*

लहानपणी मुलं काट्यावर चढायला घाबरत. फलाट डुगडुगे, लोखंड गार लागे. तेव्हा आई दांडीपाशी उभी राहून म्हणायची,

दांडी दांडी, थांब गं,
माझं सोनं सांग गं.

दांडी थांबायची. मूल हसायचं. मग ती घोडा सरकवायची, मुलानं काय खाल्लं, कुठं ठेचकाळलं, सगळं जणू त्या आकड्यात वाचायची. शिसं ओतायलाही तिला येत होतं, शिक्का मारायलाही. नवरा म्हणायचा, हिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. हे मुलांना ठाऊक होतं. पण आज हलक्या हातांची यादी करताना दोघांपैकी एकाही मुलानं तिला त्यात धरलं नव्हतं. तिला त्याचं वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

चढा, म्हणते. चांगली आहे सून, पण डोळे फार.

"मी काढलं," आई म्हणाली.

तिनं खिशातून काड्यापेटी काढली आणि मांडीवर उघडली. हरभऱ्याएवढे शिशाचे चार तुकडे. महिन्याला एक.

थोरला उठून उभा राहिला, पण आईनं हातानंच त्याला बसवलं. एकदाच सांगणार आहे, म्हणाली.

बाबा गेल्यावर ही खिडकीबाई मागे लागली होती, वर्षातून एकदा दाखवून ये, काही होत नसलं तरी. म्हणून चार महिन्यांपूर्वी ती कुणाला न सांगता एकटी गेली. नर्सनं वजन केलं, छपन्न चारशे. तिनं नर्सला सांगितलं, तुमचा काटा चुकीचा आहे, मी घरी अठ्ठावन्न असते. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब बघितला, साखर बघितली, कुठली लस राहिली ते विचारलं, काही तक्रार आहे का विचारलं. ती नाही म्हणाली. मग कार्ड दिलं: सहा आठवड्यांनी पुन्हा दाखवायला या. कित्येक रविवार ती घोडा न सरकवता सवयीनंच अठ्ठावन्न लिहीत आली होती; त्या दिवशी घरी येऊन ती थेट या काट्यावर चढली. छपन्न चारशे. प्रमाण वजनं लावून बघितली. काटा खरा होता.

"मग?" धाकट्यानं विचारलं.

"मग काय. तुझ्या बाबांचा रकाना बघितला."

कुणीच भिंतीकडे बघितलं नाही. सगळ्यांना तो पाठ होता. एकाहत्तर, सत्तर, अडुसष्ट. आणि त्या त्या रविवारी झालेल्या थट्टाही पाठ होत्या, बाबा पोरगेलेसे दिसायला लागलेत, आता नवा कोट शिवा.

"त्या भिंतीवर आणखी एक उतरती ओळ मला नको होती," आई म्हणाली. "तुम्ही दर रविवारी बघाल, आणि मग माझ्याकडे बघाल. ते बघणं मला नको होतं."

थोरल्यानं खुर्ची वळवली. बहिणीकडे वळून त्यानं विचारलं, "तुला माहीत होतं? चार महिने?"

"खिडकीवर जे कळतं ते खिडकीवरच ठेवायचं असतं, दादा. फाइल कुणाचीही असो. आईची असली तरी."

"मग आज कशी आलीस?"

"माझं स्वतःचं वजन सांगायला मला कुणाची बंदी नाही."

आईनं लेकीकडे बघितलं. पुन्हा दाखवायचा दिवस तिनं दोनदा चुकवला होता. दोन्ही वेळा खिडकीमागे हीच बसून असणार, घड्याळाकडे बघत, दार उघडलं की मान वर करत. घरी आल्यावर कशी आहेस विचारून, ठीक आहे ऐकून, गप्प राहत.

"मला पकडायला आलीस तू," आई म्हणाली.

"हो."

*

यानंतर अर्धा तास जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही. थोरला म्हणाला, त्या दवाखान्याचंच खूळ हे, काही दुखत नसताना गेलं की ते काहीतरी शोधणारच, दुखलं की जाऊ. आईला हेच ऐकायचं होतं, तिनं मान डोलावली. मघाशी धाकट्यावर आळ घेणारा थोरला आता तिच्या बाजूला होता, आणि ती बाजू तिला आतून पोकळ लागत होती. धाकट्यानं बाबांची आठवण काढली. दुकानादुकानांतले काटे ते वर्षातून एकदा तपासायला जात, बिघडले म्हणून नव्हे, बिघडायच्या आधी.

"काट्याला भीती वाटत नाही," आई म्हणाली.

मग लेक बोलली. खिडकीवर बसून बसून तिचा आवाज असा झाला होता की समोरचा कितीही घाबरलेला असो, तो ऐकायला लागे.

"बाबा गेले होते दवाखान्यात. गेले नव्हते असं नाही. खोकल्यासाठी गेले. खिडकीवर खोकला सांगितला, खोकल्याची वेळ मिळाली, दहा मिनिटं. खोकला तपासला, खोकल्याचं औषध घेऊन आले. वजनाचं त्यांनी सांगितलं नाही. घरी मात्र दर रविवारी लिहीत राहिले. तीन महिन्यांनी दुसऱ्यांदा गेले तेव्हा उशीर झाला होता. मी तेव्हा त्या खिडकीवर नव्हते. असते तर विचारलं असतं, आणखी काही आहे का."

थोरल्या सुनेनं सासूबाईंच्या पाठीवर हात ठेवला. हाताला हाडं लागली. तिनं हात तिथेच ठेवला.

लेकीनं पिशवीतून वही काढली. उद्या सकाळची एक वेळ तिनं शुक्रवारीच राखून ठेवली होती, नाव न घालता. फक्त कशासाठी हे लिहायचं राहिलं होतं.

"वार्षिक तपासणी लिही," आई म्हणाली.

"ती झाली तुझी. आणि त्यात सगळं ठीक आहे असं धरून चालतात. यादीप्रमाणे एकेक बघतात, पुढचं टळावं म्हणून. तू काही बोलली नाहीस तर तेही पुढे जातात."

"मग पुन्हा दाखवायला लिही. कार्ड आहे माझ्याकडे."

"त्यात वजन करतील, मागच्याशी जुळवतील. तू परत म्हणशील, तुमचा काटा चुकीचा आहे."

आईला हसू आलं. हसताना तिच्या लक्षात आलं की लेकीनं अजून एक अक्षरही लिहिलेलं नाही, पेन्सिल कागदाला टेकवूनही.

"तक्रार म्हणून गेलीस तर वेळ तुझ्या तक्रारीचा असतो," लेक म्हणाली. "पण तक्रार मी लिहू शकत नाही, आई. ती येणाऱ्यानं सांगायची असते. त्याच्या शब्दांत. मी फक्त उतरवून घेते." आणि मग, अगदी खिडकीवरच्या आवाजात, "बोला. कशासाठी आलात?"

आईनं काड्यापेटी मिटली. उघडली. अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात तिनं माणसांची, पोत्यांची, तान्ह्या बाळांची वजनं सांगितली होती. स्वतःचं सांगायला तोंड उघडलं तर आधी श्वासच निघाला.

"वजन उतरतंय," ती म्हणाली. "सहा महिन्यांत तीन किलो. मी काही कमी करत नसताना. दोन घास खाल्ले की पोट भरतं. आणि डाव्या बाजूला, इथं, जेवल्यावर दुखतं. हे नर्सला सांगितलं नव्हतं."

लेक लिहीत होती. एकही शब्द न बदलता.

*

दुपारपर्यंत भावांनी घोडा दुरुस्त केला. थोरल्यानं शिसं वितळवलं, धाकट्यानं ओतलं. सकाळचं कुणीच काढलं नाही, पण साचा धरताना थोरला म्हणाला, तुझा हात आईवर गेलाय. धाकट्यानं ते ऐकून ठेवलं. शिक्का आईनं मारला.

थोरली सून आधी चढली. त्रेसष्ट. ती फलाटावरून उतरेना. नवऱ्याकडे बघत तशीच उभी राहिली, आणि तो म्हणाला की पहाटे मीही येत जाईन बरोबर, म्हणजे कुठे जातेस ते कळेल. मग आई चढली. घोडा धाकट्यानं सरकवला, कारण थोरल्याला समोरचं नीट दिसत नव्हतं. चोपन्न नऊशे. तिनं स्वतः पेन्सिल घेतली, चार महिन्यांच्या अठ्ठावन्नांवर एकच आडवी रेघ मारली, आकडे वाचता येतील अशी, आणि खाली खरा आकडा लिहिला. मान वर केली तेव्हा सगळे तिच्याकडे बघत होते. ज्या बघण्याला ती भीत होती तेच ते बघणं होतं. तिनं ते सोसलं.

सोमवारी सकाळी दवाखान्याच्या आतल्या खोलीत नर्सनं तिला चपला काढायला सांगितल्या. मागच्या वेळची तीच नर्स. तिनं आईला ओळखलं आणि सावधपणे काट्याच्या बाजूला सरकली. दारात लेक उभी होती, खिडकी पाच मिनिटं दुसऱ्या कुणाला सोपवून.

आई चढली नाही. ती वाकली, काट्याभोवती एकदा फिरली, चारही पाय जमिनीला टेकलेत का बघितलं, रिकाम्या काट्यावरचं शून्य बघितलं. बोटानं फलाट दाबला, सोडला. शून्य परत आलं.

"तुमचा काटा बरोबर आहे," ती नर्सला म्हणाली. "मागच्या वेळीही होता."

आणि लेकीच्या खांद्याला धरून ती चढली.